सेकंदाला साठ चित्रं

चित्रकार जन्माला यायला आपल्याकडे कुणाची हरकत नसते. फक्त तो शेजाऱ्यांकडे यावा. आपल्या घरी कॉम्प्युटर इंजिनिअर बरा. गेल्या काही वर्षांत मात्र कॉलेजांतून असा एक नमुना बाहेर पडू लागलाय, की ज्याच्यापुढे ही वाटणी टिकत नाही. तो शिकतो कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, रात्री दोनपर्यंत लिहितो प्रोग्राम आणि त्या प्रोग्राममधून निघतं चित्र. तो कॉम्प्युटरवर बसलाय म्हणून कौतुक करावं लागतं आणि चित्र काढतोय म्हणून काळजी. या दोन्ही भावना एकदम चेहऱ्यावर आणायची सवय नसल्यामुळे त्याचे आईवडील हल्ली जरा दमलेले दिसतात.

आपण त्याला चिरंजीव म्हणू. नाव देण्यात अर्थ नाही. कोथरूड, डोंबिवली, सांगली, कुठेही गेलात तरी ऐवज तोच. कन्याही असतात. फरक एवढाच, की त्या केलेल्या कामाला नाव देऊन ठेवतात. चिरंजीवांना ते सुचत नाही. ज्या एडिटरमध्ये ते काम करतात, तो प्रत्येक नव्या स्केचला आपल्या मनानेच एक विशेषण आणि एक नाम जोडून काहीतरी नाव ठेवून देतो. त्यामुळे चिरंजीवांची दोन वर्षांची कलासाधना 'चक्रावलेला स्पंज' आणि 'निर्दोष चित्ता' या धर्तीच्या नावांखाली विखुरलेली असते, आणि पाहुण्यांना दाखवायचं ते एक चित्र कधीही सापडत नाही.

चिरंजीवांचा चित्रकलेतला पूर्वेतिहास फारसा उज्ज्वल नाही. शाळेत सगळ्यांबरोबर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं होतं. स्थिरचित्रातल्या तांब्याची एक बाजू जेवलेली आणि दुसरी उपाशी आली. सी श्रेणी मिळाली. दहावीला वाढीव गुण मिळाले, म्हणजे कलेचं जे काही काम होतं ते झालं, असं समजून रंगपेटी माळ्यावर गेली.

पुढे दुसऱ्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या रात्री (असले शोध दुसऱ्या कुठल्या रात्री लागतच नाहीत) त्यांना 'प्रोसेसिंग' सापडतं. चित्र काढण्यासाठी कोड लिहायचं हे साधन एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलं. त्याचं जावास्क्रिप्टमधलं भावंड 'पी-फाइव्ह' लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये सुरू केलं. ते ब्राउझरमध्येच चालतं. दोन्ही फुकट. अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येत नाही आणि पैसे पडत नाहीत, एवढे तीन गुण एकत्र आल्यावर विद्यार्थी त्याचा जीव लावून अभ्यास करणार नाही तर काय करेल?

पहिल्या रात्री एक वर्तुळ निघतं. एका ओळीच्या कोडमध्ये. हातात कंपास असून शाळेत जे जमलं नव्हतं ते जमल्यावर चिरंजीव सकाळी सगळ्या घराला हाक मारतात. "बघा, माउस हलवला की गोल पण हलतो!" आई हात पुसत येते, बघते आणि म्हणते, "छान आहे हो. चहा घे." बाबा पेपर खाली न ठेवता विचारतात, "याचा उपयोग काय?" आजी तेवढी चष्मा लावून नीट बघते. "अरे, पण तो मागे खुणा का सोडत चाललाय?"

खुणा राहतात, कारण प्रत्येक वेळी आधीचं चित्र पुसून पार्श्वभूमी पुन्हा रंगवायला सांगावी लागते आणि चिरंजीव ते सांगायला विसरलेले असतात. ते क्षणभर थांबतात. मग म्हणतात, "ते मुद्दाम केलंय." ज्या घटकेला हे वाक्य तोंडातून निघतं, त्या घटकेला घरात कलाकार जन्माला आला असं खुशाल समजावं.

या विद्येचं व्याकरण सोपं आहे. प्रोग्रामचे मुख्य भाग दोन. पहिल्याचं नाव 'सेटअप'. त्यातल्या सूचना एकदाच अमलात येतात. दुसऱ्याचं नाव 'ड्रॉ'; त्यातल्या सूचना सेकंदाला साठ वेळा पुन्हा पुन्हा अमलात येत राहतात, आणि म्हणून चित्र हलताना दिसतं. चिरंजीवांना हे समजायला एक मिनिटही लागत नाही, कारण ते मराठी घरात वाढलेले असतात. बाबांच्या सूचना सेटअपमधल्या: "हे बघ, मी एकदाच सांगतोय." आईच्या ड्रॉमधल्या.

खरी गंमत इथून सुरू होते. ज्या घरात सूचना देणारे पाच आणि ऐकणारा एक, त्या घरातल्या त्या एकाला आयुष्यात पहिल्यांदा आपलं ऐकणारं कुणीतरी मिळतं. तेही तोंड वाकडं न करता. आणि तिथेच त्यांचा घात होतो, कारण यंत्र सांगितलं तेवढंच ऐकतं. चिरंजीव सांगतात, हजार फुलं काढ. पडद्यावर एकच फूल. पुन्हा सांगतात. पुन्हा एकच. अर्धी रात्र संपल्यावर लक्षात येतं, की यंत्राने हजार फुलं काढलेलीच आहेत, पण सगळी एकाच जागी, एकावर एक. कारण दर वेळी जागा बदल असं कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा घात वाय अक्षाचा. शाळेतल्या आलेखवहीत वाय वर चढतो, हे दहा वर्षं छड्या खाऊन पाठ केलेलं असतं. इथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि वाय वाढला की माणूस खाली येतो. चिरंजीवांचा पहिला सूर्योदय त्यामुळे फरशीकडे निघतो. त्यावरही "ते मुद्दाम केलंय" म्हणून बघतात, पण बाबा सायन्सचे असतात.

कलाकार म्हटला की त्याचे कालखंड आले. पिकासोचा निळा काळ होता, तसे चिरंजीवांचेही आहेत. फक्त ते महिन्या-महिन्याला बदलतात. पहिला भडक काळ. 'रँडम' म्हणजे वाटेल तो आकडा दे, ही आज्ञा सापडलेली असते. लाल, हिरवा, निळा या तिन्हींचे आकडे ० ते २५५ मधून यंत्रानेच उचलायचे आणि पडदा भरून ठिपके टाकायचे. हे बघून आजी डोळ्यांत थेंब घालायला निघून जाते.

दुसरा वृक्षकाळ. एका फांदीला दोन फांद्या, त्या प्रत्येकीला दोन, असं स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन लिहिलं की झाड तयार. कधी थांबायचं हे सांगायचं राहिलं तर प्रोग्राम कोलमडतो. तिसरा सूर्यफुलाचा. प्रत्येक बी आधीच्या बीपासून १३७.५ अंशांनी वळवून थोडी बाहेर ठेवत गेलं, की हुबेहूब सूर्यफुलाचा गाभा दिसतो. हा कोन थोडासा चुकवला तर फूल मोडतं आणि नुसत्या वळणदार पट्ट्या उरतात. हे दाखवताना चिरंजीवांचा चेहरा असा उजळतो, की जणू निसर्गाला तो कोन त्यांनीच कळवला होता. बाबा मनात म्हणतात, दीड-दोन अंशांवर इतकं प्रेम असताना इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये केटी कशी लागली?

चौथा काळ प्रवाहाचा. यादृच्छिक आकडे फार उड्या मारतात. पण केन पर्लिन यांनी शोधलेला 'नॉइज' मऊ असतो, शेजारचे आकडे एकमेकांना धरून असतात. 'ट्रॉन' या १९८२ च्या सिनेमासाठी काम करताना कॉम्प्युटरची चित्रं फारच यंत्रासारखी दिसतात, या वैतागातून पर्लिन तिकडे वळले, आणि पुढे १९९७ मध्ये त्यांना त्याबद्दल तांत्रिक ऑस्कर मिळालं. हा नॉइज वापरून हजारो रेघांना वाहायला लावलं, की केसांसारखं, पाण्यासारखं काहीतरी सुंदर दिसतं. टायलर हॉब्स यांची २०२१ मधली 'फिडेन्झा' ही ९९९ चित्रांची मालिका याच वाटेने जाते आणि तिच्यातल्या चित्रांना लाखो डॉलर मिळाले. चिरंजीवांनी ही एकच माहिती बाबांना सांगायला नको होती. तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "गेलं का एखादं?"

पाचवा आणि शेवटचा कृष्णधवल काळ. आता रंग वर्ज्य. दाढी वाढलेली, टीशर्ट काळा, बोलण्यात "सिस्टिम" आणि "प्रोसेस". भिंतीवर व्हेरा मोलनार यांच्या चित्राची प्रिंट. या बाईंनी कॉम्प्युटर हाताशी नसताना १९५९ पासून 'काल्पनिक यंत्र' मानून स्वतःलाच नियम घालून चित्रं काढली, १९६८ मध्ये खरं यंत्र मिळवलं आणि २०२३ मध्ये वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी गेल्या. शिस्तशीर चौकोनांमध्ये अगदी थोडासा बेशिस्तपणा मिसळायचा, ही त्यांची हौस. चिरंजीवांनी ती तत्त्व म्हणून स्वीकारली आहे. आईच्या मते त्यांच्या खोलीत हे प्रमाण उलटं आहे.

आणि प्रत्येक काळात एक हळहळ असते, ती म्हणजे हातचं गेलेलं चित्र. आकडे यंत्र निवडतं, त्यामुळे प्रत्येक वेळी चित्र नवं. कोणत्या बीजसंख्येवरून ते आकडे निघाले हे लिहून ठेवलं, तर तेच चित्र पुन्हा काढता येतं. चिरंजीव लिहून ठेवत नाहीत. "परवा रात्री एक आलं होतं ना," असं म्हणून ते हवेत हात फिरवतात. ते चित्र कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून ते त्यांच्या सगळ्या चित्रांत श्रेष्ठ असतं.

चिरंजीवांचे खरे शत्रू म्हणजे साखरपुड्यात भेटणारे मामा. मामा मोबाइलवर चित्र बघतात, दोन बोटांनी मोठं करतात आणि म्हणतात, "एआयने काढलं ना?" चिरंजीव पानावरून उठत नाहीत ते केवळ श्रीखंड आहे म्हणून. मग सुरू होतं व्याख्यान. मामा, एआयला 'सुंदर चित्र दे' म्हणायचं आणि वाट बघायची. इथे प्रत्येक रेघ कुठून कुठे जाणार याचा नियम मी लिहिलाय. आणि हे काही आजचं नाही. १९६५ च्या फेब्रुवारीत जर्मनीत स्टुटगार्टला गेओर्ग नेस यांनी कॉम्प्युटरने काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या मायकेल नोल यांनी मोंद्रियानच्या एका चित्राच्या धर्तीवर कॉम्प्युटरकडून चित्र काढून घेतलं आणि नंतर दोन्ही चित्रं शंभर जणांना दाखवली. त्यातल्या ५९ जणांना कॉम्प्युटरचं जास्त आवडलं आणि कॉम्प्युटरचं कोणतं हे फक्त २८ जणांना ओळखता आलं.

मामा हे सगळं शांतपणे ऐकून घेतात. वाटीतलं श्रीखंड संपवतात. "म्हणजे साठ वर्षं झाली," ते म्हणतात, "आणि अजून यात नोकऱ्या निघाल्या नाहीत?"

कॉलेजात वेगळी तऱ्हा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी चिरंजीव 'आवाजावर बदलत जाणारं चित्र' असा विषय देतात. गाइड विचारतात, "डेटाबेस कुठाय?" नाहीये. "लॉगिन पेज?" नाहीये. "मग हा प्रोजेक्ट कसा?" शेवटी तडजोड होते. आता ते चित्र बघायला आधी नाव आणि पासवर्ड टाकावा लागतो. ओरलला आलेले एक्स्टर्नल चित्राकडे बघत नाहीत. पासवर्ड चुकीचा टाकून बघतात, चुकीचा असल्याचा संदेश येतो आणि ते समाधानाने पूर्ण गुण देतात.

अशातच गल्लीतल्या गणेशमंडळाला कुणकुण लागते, की अमक्यांचा मुलगा कॉम्प्युटरवर लाइटिंग करतो. यंदा देखाव्याला एलईडी वॉल आहे. चिरंजीवांना वाटतं, आली संधी. नेस यांचं 'शॉटर' नावाचं एक प्रसिद्ध चित्र आहे: बारा चौकोनांच्या बावीस ओळी, वर अगदी कवायतीत उभ्या आणि खाली येता येता ढासळत गेलेल्या. चिरंजीव त्याला वंदन म्हणून तसेच चौकोन बाप्पाच्या मागे हलते करून आणतात. अध्यक्ष लांबून बघतात, जवळून बघतात, मान तिरकी करून बघतात. "वरचे मस्त झालेत रे. खालचे तेवढे सरळ करून घे, सटकलेत." खजिनदारांची सूचना अशी, की मध्ये प्रायोजकांचा फोटो फिरता ठेवावा आणि बाजूने रंगीत ठिपके पडावेत. चिरंजीव भडक काळातला जुना 'चक्रावलेला स्पंज' शोधून काढतात. गर्दी लोटते. पोरं रील काढतात. चिरंजीव चार दिवस कुणाशी बोलत नाहीत; लोकांना आवडलं याचं दुःख त्यांना फार आहे.

पण या नमुन्याला खरा गुरू भेटतो तो घरातच. दिवाळीच्या तोंडावर चिरंजीव ठिपक्यांच्या रांगोळीचा प्रोग्राम लिहितात. पंधरा ते आठ ठिपके: मधल्या ओळीत पंधरा, वर आणि खाली एकेक कमी करत आठपर्यंत. लूप बरोबर आहे, मोजणी बरोबर आहे, पण आकृती एका बाजूला कलंडते. दोन तास हे चालतं. मुक्कामाला आलेल्या आत्या मागून जाताना पडद्याकडे बघतात. "ठिपके सगळे डाव्या कडेला टेकवलेस की रे. प्रत्येक ओळ अर्ध्या घराने आत घे. खालचे दोन ठिपके आणि त्यांच्या मधोमध वरचा." चिरंजीव एक संज्ञा जोडतात: मधल्या ओळीपासून मोजलेला ओळीचा क्रमांक गुणिले अर्धं अंतर. आकृती ताठ उभी राहते. आत्या तोवर स्वयंपाकघरात गेलेल्या असतात.

आत्यांनी कोडची एक ओळही कधी लिहिलेली नाही, आणि तरी हे त्यांना एका नजरेत दिसलं, याचं नवल वाटायला नको. रांगोळी ही सूचनांचीच कला आहे. आमच्या घरातल्या जुन्या वह्यांत चित्राच्या वर लिहिलेलंच असतं, इतके ते इतके ठिपके, मधोमध किंवा सरळ. दक्षिणेकडच्या कोलमचा, म्हणजे तिथल्या रांगोळीचा, तर मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कॉम्प्युटर शास्त्राच्या अंगाने अभ्यास केला, आकृत्यांची व्याकरणं मांडली. चिरंजीवांना हे कळल्यापासून ते आत्यांना दिवाळीचा नमस्कार वाकून करतात.

यथावकाश पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून मोटारी, वायरी आणि दोन जुन्या डीव्हीडी ड्राइव्हचे अवयव घरी येतात आणि त्यांतून एक लहानसं रेघा ओढणारं यंत्र तयार होतं. आता पडद्यावरचं चित्र कागदावर खऱ्या पेनाने उतरणार. यंत्र कुरकुरत कामाला लागतं. वर्षभर पेपराआडून "उपयोग काय" विचारणारे बाबा सहज म्हणून येऊन बसतात. पाच मिनिटांनी खुर्ची जवळ ओढतात. दहा मिनिटांनी त्यांचा चहा गार होतो. "पेन उचललं बघ. आता तिकडे जाईल. नाही गेलं! बरोबर, आधी हा कोपरा संपवणार." अर्ध्या तासाने ते यंत्राला सूचना देऊ लागतात. यंत्र त्यांचं ऐकत नाही. त्यांना सवय आहे.

आता या चिरंजीवांचं मूल्यमापन. त्यांना नोकरी लागेल. कोड लिहिता येतो, लॉगिन पेजही करता येतं. त्यांची चित्रं संग्रहालयात जातील का, सांगता येत नाही. पण एक गोष्ट त्यांनी मिळवली आहे, ती आपल्या समाजात फार कुणाकडे नाही. सूचना देण्यात आपण सगळेच तरबेज आहोत: मांडवात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसात, टीव्हीसमोर क्रिकेट बघताना. काम बिघडलं की आपला निकालही ठरलेला असतो, ऐकणाऱ्याला अक्कल नाही. हा मुलगा मात्र रोज रात्री सूचना देतो, समोर भलतंच काहीतरी उमटलेलं बघतो, आणि यंत्राला शिव्या घालून झाल्यावर आपण नेमकं काय सांगितलं होतं ते पुन्हा वाचायला बसतो. चूक सांगणाऱ्याची असू शकते, हे इतक्या रात्री, इतक्या वेळा आणि गुणांची अपेक्षा न ठेवता शिकणारा विद्यार्थी आपल्या वर्गात दुसरा सापडणार नाही.

तेव्हा एखाद्या समारंभात असा कुणी लॅपटॉप उघडून तुमच्यापुढे आला, तर याचे पैसे किती मिळतात आणि हे एआयने काढलं का, हे दोन प्रश्न मामांसाठी राखून ठेवा. तुम्ही एवढंच विचारा, "यातला एक आकडा बदलला तर काय होईल रे?" मात्र जेवण आधी उरकून घ्या. तो दाखवल्याशिवाय सोडणार नाही.